रिलीजची ब्रांच आहेच की, मग वर टॅग कशाला मारायचा?

नाशिककर_२३

नमस्कार मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतोच, कारण ऑफिसात विचारायची सोय राहिली नाही, परवाच एकदा बोलणी खाऊन झालीयेत.

मी एका लहान कंपनीत आहे, मोजून आठ माणसं. बाजार समितीतल्या आडत्यांना लागतं ते बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे वजन टाकलं भाव टाकला की हमाली तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात द्यायची पट्टी निघते. ऑनलाइन वगैरे काही नाही, प्रत्येकाच्या गाळ्यावर आमचा माणूस जाऊन कॉम्प्युटरला इन्स्टॉल करून येतो आणि मग ते वर्षभर तसंच चालतं.

गेल्या आठवड्यात एकाचा फोन आला की तोलाईत पैशांचं राउंडिंग चुकतंय, शंभर पट्ट्या काढल्या तर पाच-सात एक रुपयाने इकडेतिकडे. (एक रुपयाच ना, असं वाटत असेल तर तुम्ही कधी कांद्याच्या लिलावाला उभे राहिलेले नाही.) स्क्रीनवर व्हर्जन कुठलं दिसतंय विचारलं तर ३.४. आमच्या रेपोत (गिटमधलं कोडचं भांडार, बदलांच्या इतिहासासकट) 'रिलीज-३.४' नावाची ब्रांच, म्हणजे कोडची फांदी, आहे, मीच काढलेली फेब्रुवारीत. ती चेकआउट केली (म्हणजे तिचा कोड समोर उघडला), तेच वजन तोच भाव टाकून पट्टी काढली तर हिशेब चोख! दोन दिवस मी त्यांच्या विंडोजला, प्रिंटरला आणि शेवटी त्यांच्या दिवाणजींना दोष देत बसलो. तिसऱ्या दिवशी लॉग नीट वाचला तेव्हा कळलं की रिलीज दिल्यानंतर त्याच ब्रांचवर अजून काही कमिट (नोंदवलेले बदल) पडलेत, त्यातला एक राउंडिंगचाच, आणि तो माझाच आहे. म्हणजे त्यांच्याकडचं ३.४ वेगळं आणि आमच्याकडचं ३.४ वेगळं.

सीनियर म्हणाले, "रिलीज देताना टॅग मारला असतास तर ही वेळ आली नसती." बरं. पण मी डॉट गिट फोल्डर उघडून बघितलं तर ब्रांच म्हणजे एक फाइल जिच्यात ४० अक्षरांचा कमिट आयडी, आणि टॅग म्हणजे दुसऱ्या फोल्डरातली एक फाइल, तिच्यातही ४० अक्षरं. दोन्ही एका कमिटला दिलेली नावंच ना? मग मी ब्रांच काढली आणि परत हातच लावला नाही तर तो टॅगच झाला की. टॅगचं वेगळं प्रयोजन काय हे मला खरंच कळत नाहीये, शिव्या देऊ नका, समजावून सांगा.

सह्यभटक्या

ब्रांच म्हणजे एसटी, टॅग म्हणजे थांबा. एसटी पुढे जाते. थांबा तिथेच राहतो. झालं.

नाशिककर_२३

ते कळलं हो, पण एसटी डेपोत उभी करून ठेवली तर?

रातराणी

नाशिककर, तुझा प्रश्न बाळबोध नाही, अर्ध्याहून जास्त लोक हा विचारतच नाहीत आणि तू फोल्डर उघडून बघितलंस हे बेस्ट केलंस. बिल्ड आणि रिलीज हेच माझं रोजचं काम आहे म्हणून जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बस. कमांड देवनागरीत लिहितेय, हसू नये.

तू म्हणतोस ते बरोबर आहे, साधा टॅग आणि हात न लावलेली ब्रांच यांच्यात साठवणुकीच्या दृष्टीने फरक जवळपास शून्य. फरक आहे तो गिट त्या नावाशी कसं वागतं यात. ब्रांच चेकआउट करून कमिट मारलास की गिट न विचारता ते नाव पुढे सरकवतं, तेच तर ब्रांचचं काम. टॅग चेकआउट केलास तर 'डिटॅच्ड हेड' म्हणून ते मोठं घाबरवणारं निवेदन येतं, सगळे नवखे त्याला घाबरतात, पण त्याचा अर्थ एवढाच की तू आता कुठल्याच ब्रांचवर नाहीस. तिथे बसून दहा कमिट मार, टॅग तिळभरही हलणार नाही. सर्व्हरवर आधीच असलेला टॅग कोणी दुसऱ्या कमिटवर नेऊन पुश करायला (सर्व्हरवर पाठवायला) गेलं तर गिट नाकारतं, जबरदस्ती केल्याशिवाय घेत नाही. आणि तुझ्या मशीनवर असलेला टॅग फेचमध्ये (सर्व्हरवरून आणताना) आपोआप बदलत नाही, २०१८ च्या शेवटी आलेल्या २.२० पासून तर हे आणखी कडक केलंय. ब्रांच पुढे सरकताना असं कोणीच अडवत नाही, ती सरकण्यासाठीच असते.

म्हणजे तू 'हात लावणार नाही' म्हणतोस तो तुझा निश्चय झाला. आणि तो निश्चय किती दिवस टिकला ते तूच वर लिहिलंयस :)

आता दुसरी गोष्ट, जी तुला फोल्डरात दिसली नसणार. टॅग दोन जातीचे असतात. एक साधा, लाइटवेट, तू बघितलास तो, नुसतं नाव. दुसरा अ‍ॅनोटेटेड. 'गिट टॅग -ए' असं करून मारलास की गिट आपल्या भांडारात टॅगची एक वेगळी वस्तूच तयार करतं, तिच्यात कोणी मारला, कधी मारला, काय संदेश लिहिला हे सगळं बसतं, आणि '-एस' दिलंस तर सहीसुद्धा. गिटच्या मॅन्युअलमध्येच स्पष्ट आहे की रिलीजसाठी अ‍ॅनोटेटेड वापरा, लाइटवेट स्वतःच्या तात्पुरत्या खुणांसाठी. मी स्वतः लाइटवेट फक्त कठीण रीबेसच्या (कमिट दुसऱ्या पायावर परत रचण्याच्या) आधी मारते, 'इथपर्यंत-ठीक-होतं' अशा नावाने, आणि काम झालं की पुसून टाकते.

ब्रांचवर तारीख नसते हे लक्षात घे. कमिटवर असते पण ती कमिट लिहिला त्या दिवशीची. फेब्रुवारीत रिलीज कोणी दिलं, कुठल्या दिवशी दिलं, कोणाच्या सांगण्यावरून दिलं, हे ब्रांच बघून तू सांगूच शकत नाहीस.

फ्लॉपीवाले_काका

रातराणी बाईंनी छान सांगितलं. मी जरा मागचं सांगतो कारण आजकालच्या पोरांना वाटतं टॅग गिटबरोबरच जन्माला आला.

आम्ही सीव्हीएसवर होतो, म्हणजे गिटच्या आधीचं कोडचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यात प्रत्येक फाइलला स्वतःचा आकडा, ही फाइल १.७ वर, ती १.२३ वर, शेजारची १.२ वरच झोपलेली. आख्ख्या प्रोजेक्टचा असा एक आकडाच नाही! मग टॅग ही चैन नव्हती बाबांनो, गरज होती, कारण 'हा १.७ आणि तो १.२३ आणि तो १.२ मिळून आपलं रिलीज झालं' हे सांगायचा दुसरा मार्गच नव्हता. टॅग मारला की तो एकेका फाइलच्या इतिहासात जाऊन नाव लिहीत बसायचा, मोठं प्रोजेक्ट असलं की टॅग लावून आम्ही चहाला जायचो आणि परत यायचो तरी चालूच.

शिवाय टॅगच्या नावात टिंब चालायचं नाही, कारण टिंब फाइलच्या आकड्यांसाठी राखून ठेवलेलं. म्हणून सगळे अंडरस्कोर टाकायचे. पोस्टग्रेस डेटाबेसचा रेपो उघडून बघा, ते २०१० साली सीव्हीएसवरून गिटवर आले पण त्यांचे टॅग अजूनही 'आरईएल_१७_०' असेच आहेत, म्हणजे सीव्हीएस गेलं आणि सवय राहिली. मला ते बघून बरं वाटतं उगाच.

मग त्याच कामाचं सबव्हर्जन आलं, १.० निघालं २००४ ला. त्यात आख्ख्या रेपोला एकच आकडा, मोठी सोय झाली. पण टॅग नावाची गोष्टच नाही! ट्रंक, ब्रांचेस, टॅग्ज असे तीन फोल्डर करायचे आणि टॅग म्हणजे ट्रंकची (मुख्य कोडची) टॅग्ज फोल्डरात केलेली कॉपी. कॉपी स्वस्त होती, जागा खात नव्हती, सगळं खरं. पण नाशिककर, तू म्हणतोस ना 'हात लावला नाही तर टॅगच', नेमकं तेच होतं ते. आणि लोक हात लावायचे! चुकून टॅग्जच्या फोल्डरात उभं राहून कमिट मारायचे. आमच्याकडे शेवटी सर्व्हरवर हुक (आपोआप चालणारी तपासणी) लावला की टॅग्जमध्ये नवी कॉपी चालेल पण आत बदल केला तर कमिट नाकारायचा. म्हणजे तुझा प्रयोग आम्ही चार वर्षं करून बघितलाय, निकाल माहीत आहे.

स्टार्टपवाला

मी जरा उलट बोलतो. आम्ही गेल्या तीन वर्षांत एकही टॅग मारलेला नाही आणि काही अडलं नाही. मेन ब्रांचमध्ये मर्ज झालं (बदल मिसळले) की पाइपलाइन (बिल्डची आपोआप चालणारी साखळी) चालते, कंटेनरच्या इमेजला (चालवायला तयार पॅकेजला) कमिट आयडीच नाव म्हणून लागतं, दिवसाला सहा-सात वेळा प्रॉडक्शनला जातं. कुठला कोड चालू आहे विचारलं तर कमिट आयडी, बस. कमिट आयडी बदलूच शकत नाही, आतला एक स्पेस बदलला तरी आयडी वेगळा. टॅग माणूस बदलू शकतो, मग जास्त भरवशाचं काय? टॅग म्हणजे मॅनेजरला मीटिंगमध्ये बोलता यावं म्हणून दिलेलं गोंडस नाव आहे, मला तरी असंच वाटतं.

रातराणी

स्टार्टपवाला, तुमच्यासाठी हे बरोबरच आहे, मी वाद घालणार नाही. तुमचं एकच प्रॉडक्शन, ते तुमच्याच हातात, जुनं व्हर्जन कोणाकडे शिल्लकच राहत नाही. 'आत्ता काय चालू आहे' हा एकच प्रश्न, त्याला कमिट आयडी पुरतो.

नाशिककरचं तसं नाहीये ना. त्याचं सॉफ्टवेअर एकदा गाळ्यावर गेलं की त्याच्या हातून सुटलं, एकाकडे ३.२, दुसऱ्याकडे ३.४. आणि फोनवर आडत्याला तुम्ही '९सी२ए७१ई वाचून दाखवा' म्हणणार का? 'कोणतं ३.४' हा प्रश्नच पडता कामा नये त्याला. शिवाय कमिट आयडी दोन समोरासमोर ठेवले तर आधीचा कुठला नंतरचा कुठला हे नुसतं बघून कळत नाही, ३.४ आणि ३.५ मध्ये कळतं.

आणि आणि ज्याला दुसऱ्यांना नुसता कोडच द्यायचाय त्याला तर बऱ्याच ठिकाणी टॅगच लागतो. गो भाषेतलं पॅकेज बघा, व्हर्जन म्हणजेच टॅग, 'व्ही१.२.३' असा टॅग मारून पुश केला की तेच पब्लिश करणं. पीएचपीवाल्यांचं कंपोझर पण टॅगवरूनच व्हर्जन ओळखतं.

आता नाशिककर, तुझ्या कामाची खरी गोष्ट, 'गिट डिस्क्राइब'. अ‍ॅनोटेटेड टॅग मारलेला असला की ही कमांड चालव, उत्तर येईल समजा 'व्ही३.४.०-१४-जी९सी२ए७१ई'. अर्थ असा, ३.४.० नंतर १४ कमिट झालेत, जी म्हणजे गिट, आणि पुढे आत्ताच्या कमिटचा छोटा आयडी. '--डर्टी' जोडलंस तर कमिट न केलेले बदल घेऊन कोणी बिल्ड केलं असेल तेही शेपटीला लागतं. बरोब्बर टॅगवर उभा असशील तर फक्त 'व्ही३.४.०'. ही ओळ बिल्ड होताना 'आमच्याविषयी'च्या स्क्रीनवर छापायची, हाताने व्हर्जन टाइप करणं बंद. तुमच्याकडे ३.४ कोणीतरी एकदा हाताने लिहिलं आणि मग तसंच राहिलं ना? पैजेवर सांगते.

एक मात्र, डिस्क्राइब नेहमीच्या वापरात अ‍ॅनोटेटेडच बघतं, लाइटवेट हवे असतील तर '--टॅग्ज' लावावं लागतं. आणि सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) चालवणार असाल तर तिथे बऱ्याचदा उथळ क्लोन होतो, म्हणजे फक्त शेवटचा एक कमिट येतो, टॅग येतच नाहीत, मग 'नो नेम्स फाउंड' म्हणून बिल्ड पडतं आणि माणूस दिवसभर डोकं खाजवतो. गिटहबच्या (कोड ठेवायची वेबसाइट, तिथल्या पाइपलाइनच्या तयार पायरीला 'अ‍ॅक्शन' म्हणतात) चेकआउट अ‍ॅक्शनला 'फेच-डेप्थ' शून्य दिलं की सगळा इतिहास टॅगसकट येतो. मी डोकं खाजवलंय म्हणून सांगते.

नाशिककर_२३

ताई पैज जिंकलात, व्हर्जन हातानेच लिहिलेलं आहे, एका कॉन्फिग फाइलमध्ये, आणि बदलायचं काम ज्याचं होतं तो डिसेंबरमध्येच सोडून गेला 😅

डिस्क्राइबचं एकदम पटलं. काकांचं पण पटलं. आता पुढचं संकट, फेब्रुवारीत जे दिलं तो कमिट शोधायचा कसा? टॅग तर नाही. इन्स्टॉलरची फाइल आहे, तिची तारीख १४ फेब्रुवारी संध्याकाळ. त्या तारखेच्या आसपास ब्रांचवर चार कमिट आहेत आणि मर्ज पण आहेत.

फ्लॉपीवाले_काका

बिल्ड कोणाच्या मशीनवर झालं होतं? ते मशीन अजून आहे का?

नाशिककर_२३

सीनियरांचा जुना डेस्कटॉप, कोपऱ्यात आहे. बिल्ड अजून तिथेच होतं, कारण प्रिंटर ड्रायव्हरचं काहीतरी फक्त तिथेच चालतं.

फ्लॉपीवाले_काका

मग नशीबवान आहेस. त्या मशीनवर त्या रेपोत जाऊन 'गिट रीफ्लॉग --डेट=आयएसओ' चालव. त्या मशीनवर हेड (म्हणजे समोर उघडलेला कोड) कुठल्या क्षणी कुठल्या कमिटवर होतं याची नोंद असते, कधी पुल केलं (सर्व्हरवरून कोड आणला), कधी चेकआउट केलं, सगळी. कमिटच्या तारखेवर जाऊ नकोस, कमिट लिहिला १२ ला आणि पुश केला १६ ला असं असू शकतं, तारीख बघून वाटेल की बिल्डमध्ये होता आणि तो नसेलच. रीफ्लॉगला त्या मशीनवर प्रत्यक्ष काय घडलं ते माहीत. पण घाई कर, या नोंदी साधारण ९० दिवस राहतात, नंतर साफसफाईत उडतात. आणि तो डेस्कटॉप उद्या कोणी फॉरमॅट केला तर मग शिवशंभो.

पाटलाचा_पोर

मधेच घुसतो, वाचत होतो कालपासून. स्टार्टपवाले म्हणाले ना की टॅग माणूस बदलू शकतो, ते कोणी नीट घेतलं नाही म्हणून.

आमच्याकडे सांगलीकडं शेताच्या हद्दीवर दगड असतो. दगडात काही नसतं, उचलून दोन फूट पलीकडं ठेवला तर त्याला काय कळणार. पण तो हलवायचा नाही हे सगळ्या गावाला माहीत, म्हणून त्याला किंमत. आणि जो रात्रीत बांध कोरतो, दगड सरकवतो, त्याच्याशी पुढं तीन पिढ्या बोलत नाहीत, कोर्टात जातात ते वेगळंच. टॅग तसलाच दगड आहे. गिट थोडं अडवतं पण फोर्स मारला की सरकतो.

आणि सरकवला तर काय होतं ते मार्च २०२५ ला बघितलं की सगळ्यांनी. 'टीजे-अ‍ॅक्शन्स' यांची 'चेंज्ड-फाइल्स' म्हणून गिटहबवर एक अ‍ॅक्शन होती, कुठल्या फाइली बदलल्या ते सांगणारी, २३,००० च्या वर रेपो ती वापरत होते. हल्लेखोराने काय केलं, नवीन व्हर्जन काढलंच नाही, जुने जे टॅग होते तेच उचलून आपल्या घाणेरड्या कमिटवर नेऊन ठेवले. लोकांच्या फाइलीत तेच नाव, तोच टॅग, कुठं काही बदल नाही आणि आतला कोड भलताच, पाइपलाइनमधली गुपितं लॉगमध्ये छापणारा. ज्यांचे लॉग पब्लिक होते त्यांची गुपितं जगाला दिसली. ज्यांनी टॅगऐवजी आख्खा ४० अक्षरी कमिट आयडी आधीच लिहून ठेवला होता ते वाचले.

तेव्हा दुसऱ्याचा कोड आपल्या पाइपलाइनमध्ये घेताना मी तरी कमिट आयडीच लिहितो, शेजारी कॉमेंटमध्ये टॅगचं नाव. स्टार्टपवाल्यांचं तेवढं बरोबर.

स्टार्टपवाला

धन्यवाद, कोणीतरी म्हणालं 🙏 बाय द वे दगडाचं उदाहरण चोरतोय, उद्या टीमला सांगणार.

रातराणी

पाटील, छान सांगितलंत. गोवाल्यांनी हेच ओळखून बंदोबस्त केलाय, एखाद्या व्हर्जनचा कोड पहिल्यांदा बघितला की त्याचा चेकसम (कोडवरून काढलेला आकड्यांचा ठसा) एका सार्वजनिक वहीत नोंदवून ठेवतात. नंतर कोणी टॅग सरकवला तर चेकसम जुळत नाही आणि टूल सरळ नकार देतं. दगड हलला की वही बोंब मारते.

आपल्या घरच्या टॅगबद्दलही तेच. चुकीच्या कमिटवर टॅग मारलास आणि अजून पुश केला नसशील तर पूस आणि परत मार, कोणाला कळणारही नाही. पण पुश झाला असेल तर गिटच्या मॅन्युअलमध्येच याच्यावर एक आख्खा भाग आहे, सार असं की चुकलं हे कबूल करा आणि नवीन नाव द्या, ३.४.० बिघडला तर ३.४.१ काढा, आकडे फुकट आहेत. तोच टॅग फिरवलास तर ज्यांनी आधी आणला त्यांच्याकडे जुनाच राहतो, नव्याने आणणाऱ्यांकडे नवा, आणि दोघंही म्हणतात आमच्याकडे ३.४.० आहे. म्हणजे तू जिथून सुरुवात केलीस तिथेच परत.

(हो, गिटहब अ‍ॅक्शन्सच्या जगात 'व्ही४' असा मोठ्या व्हर्जनचा टॅग मुद्दाम सरकवत ठेवतात, म्हणजे वापरणाऱ्याला नवीन सुधारणा आपोआप मिळाव्यात. सोयीचं आहे, मला आवडत नाही. सरकणाऱ्या गोष्टीला ब्रांच म्हणावं.)

फ्लॉपीवाले_काका

सहीबद्दल कोणी बोललं नाही. २०११ मध्ये लिनक्स कर्नलच्या सर्व्हरवर घुसखोरी झाली होती, त्यानंतर लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्सनी आपल्या लोकांना सांगितलं की मला कोड घ्यायला बोलवाल तर सही केलेला टॅग पाठवा. आजही तिकडे सबसिस्टिमचे (कर्नलचा एकेक भाग सांभाळणारे) लोक टॅग मारतात, संदेशात काय बदललंय ते लिहितात, आपल्या कीने (डिजिटल किल्लीने) सही करतात, आणि लिनस तो टॅग पुल करतात. ते रिलीज नव्हेच! टॅग म्हणजे तिथे 'हे माझं आहे, मी तपासून दिलंय' असं सही-शिक्क्याचं पत्र. तेव्हा टॅग फक्त व्हर्जन नंबरसाठी असतो हेही पूर्ण खरं नाही.

गंमत म्हणजे टॅग कमिटलाच लागतो असंही नाही. गिटच्या स्वतःच्या रेपोत मेंटेनर जुनियो हमानो यांची पब्लिक की एका टॅगला टांगलेली आहे, कमिट नाही, नुसती फाइल. आणि कर्नलच्या रेपोत २.६.११ चा टॅग कमिटकडे न जाता एका ट्रीकडे (नुसत्या फाइलींच्या यादीकडे) जातो, कारण एप्रिल २००५ मध्ये गिटमधला इतिहास सुरू झाला तोच २.६.१२ च्या आरसी २ (रिलीजआधीची चाचणीची आवृत्ती) पासून, त्याच्या आधीचा कमिट आणणार कुठून.

विषयांतर झालं. पोराचं काय झालं, सापडला का?

नाशिककर_२३

सापडला काका!!! रीफ्लॉगमध्ये १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी पुल, आणि इन्स्टॉलर ६ वाजून ४० चा. तो कमिट चेकआउट करून बिल्ड केलं, जुन्या इन्स्टॉलरशी बाइट टू बाइट जुळत नाही (आत बिल्डची वेळ छापली जाते म्हणे) पण आडत्याची पट्टी टाकली आणि बरोब्बर एक रुपयाची चूक आली, मी खुर्चीतून उठून ओरडलो. चूक बघून एवढा आनंद पहिल्यांदाच झाला.

आणि काका, कमिटच्या तारखेने गेलो असतो तर फसलो असतो, एक कमिट १३ तारखेचा दिसतोय पण तो आला १७ ला.

टॅग मारला, अ‍ॅनोटेटेड, संदेशात इन्स्टॉलर कोणी बनवला कुठल्या दिवशी दिला सगळं लिहिलं. पण दोन अडचणी. एक, सीनियरांच्या मशीनवर तो दिसतच नाही, त्यांनी दोनदा पुल केलं. दोन, टॅगवर तारीख आजची पडली.

रातराणी

टॅग पुश केलास का?

नाशिककर_२३

गिट पुश केलं की

रातराणी

😂 प्रत्येकाचं होतं. साध्या पुशमध्ये टॅग जात नाहीत. 'गिट पुश ओरिजिन' आणि पुढे टॅगचं नाव. किंवा '--फॉलो-टॅग्ज' लाव, म्हणजे जे कमिट जातायत त्यांच्यावरचे अ‍ॅनोटेटेड टॅग बरोबर जातील, कॉन्फिगमध्ये कायमचं पण लावता येतं. नुसतं '--टॅग्ज' नको, त्याने तुझे 'इथपर्यंत-ठीक-होतं' सुद्धा सगळ्यांच्या घरी जातात.

तारखेचं, टॅग मारायच्या वेळी 'गिट_कमिटर_डेट' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जुन्या तारखेचा देता येतो, मॅन्युअलमध्ये दिलंय. पण माझं मत विचारशील तर राहू दे आजचीच. टॅग आज मारला हे खरं आहे, रिलीज फेब्रुवारीत गेलं हे संदेशात लिहिलंयस, तेवढं बास.

नाशिककर_२३

पुश करायला गेलो तर एरर, 'एसआरसी रेफस्पेक मॅचेस मोअर दॅन वन'. आणि त्याच्या आधी 'अ‍ॅम्बिग्युअस' असं काहीतरी वॉर्निंग पण येत होतं, ते मी बघून न बघितल्यासारखं केलं.

सह्यभटक्या

टॅगचं नाव काय ठेवलंस?

नाशिककर_२३

रिलीज-३.४

सह्यभटक्या

ब्रांचचं पण तेच. अरे एसटीचं आणि थांब्याचं एकच नाव ठेवलंस, कंडक्टर कुठलं तिकीट देणार. टॅग पूस, 'व्ही३.४.०' नावाने परत मार. पुश झालेला नाही म्हणजे पाटलांच्या दगडाचं पाप लागत नाही.

नाशिककर_२३

झालं. सगळ्यांना दिसतोय.

त्या टॅगवरून 'हॉटफिक्स-३.४' ब्रांच काढली, माझा राउंडिंगचा कमिट तेवढा चेरी-पिक केला (उचलून आणला), बाकीचे दोन बदल त्या आडत्याने मागितलेच नव्हते ते घेतले नाहीत. 'व्ही३.४.१' मारला, पुश केला (टॅगसकट!), काल आमचा माणूस जाऊन टाकून आला. स्क्रीनवर आता डिस्क्राइबचीच ओळ दिसते. दिवाणजींनी फोन करून सांगितलं की पट्टी जुळली पण वरती 'व्ही' का आलंय, आधी नव्हतं.

आता सीनियर म्हणतायत ३.१, ३.२, ३.३ चे पण टॅग मारून ठेव. ते मशीन तेव्हा नव्हतं, रीफ्लॉग पण गेलेला असणार.

फ्लॉपीवाले_काका

३.२, ३.३ चे जुने इन्स्टॉलर असतील तर अंदाजे कमिट काढून बघ, आणि संदेशात 'अंदाजे' असं स्वच्छ लिही. ३.१ चं सोड बाळा, ते आता कोण वापरणार.

नाशिककर_२३

येवल्याला एक जण आहे काका. कालच कळलं.